चेहरा एकदम छान, पण रक्तच नाही: पार्व्हो झालेल्या बाळाचं २१व्या आठवड्यातलं प्रकरण

बाई ३१ वर्षांच्या, दुसरी खेप, पहिलं मूल ५ वर्षांचं. रक्तगट ए पॉझिटिव्ह, इनडायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या लाल पेशी मारणाऱ्या अँटिबॉडी आईच्या रक्तात आहेत का ती टेस्ट) निगेटिव्ह, शुगर-बीपी व्यवस्थित, पहिल्या तिमाहीतला स्कॅन ठीक, १९ आठवडे ४ दिवसांचा अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात व्यंग आहे का ते बघणारा) पण ठीक. अख्ख्या फाइलीत काळजी करावी असं एकच पान होतं आणि ते सगळ्यात मागे लावलेलं: पार्व्होव्हायरस बी१९, आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आयजीजी (नंतर टिकून राहणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, आकडे आणि निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवलेत.)

ही टेस्ट झाली कशी ते आधी सांगतो, कारण खरी केस तिथूनच सुरू होते. १६व्या आठवड्याच्या सुमाराला मोठ्या मुलाला बारीक ताप आला आणि मग दोन्ही गाल लालभडक झाले, कुणी थोबाडीत मारल्यासारखे. दोनतीन दिवसांत मूल खेळायला लागलं, विषय संपला. नंतर बाईंची बोटं आणि गुडघे दुखायला लागले, सकाळी मूठ वळेना. गरोदरपणात सांधे दुखतातच म्हणून कुणीही सोडून दिलं असतं, पण त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी २०व्या आठवड्यात सहज विचारलं, घरात कुणाला पुरळ-बिरळ आलं होतं का, आणि उत्तर ऐकून लगेच रक्त पाठवलं. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय हाच, पुढचं मशीनबिशीन सगळं नंतर.

पार्व्होबद्दल थोडक्यात, म्हणजे पुढचं कळेल. १९७५ साली इव्होन कोसार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये रक्ताचे नमुने तपासताना हा व्हायरस पहिल्यांदा पाहिला, तो ज्या नमुन्यात सापडला त्याचा नंबर होता बी पॅनलमधला १९, तेच नाव चिकटलं. मुलांमध्ये किरकोळ आजार. निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे बहुतेक गरोदर बायकांना काहीच धोका नसतो. ज्यांना पहिल्यांदाच होतो त्यांच्यातही दर तीन बाळांमागे फार तर एका बाळापर्यंत तो पोचतो, आणि पोचला तरी बहुतेक बाळं त्यातून आपलीआपण बाहेर येतात. घोळ होतो तो उरलेल्या थोड्या बाळांमध्ये. हा व्हायरस नेमका लाल पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये घुसतो आणि त्या मारतो. दुसऱ्या तिमाहीत बाळाचं लिव्हर रक्त बनवायच्या घाईत असतं, बाळ भराभर वाढत असतं, त्यात बाळाच्या लाल पेशीचं आयुष्य ४५ ते ७० दिवस (आपल्याकडे १२० दिवस). म्हणजे लाल पेशींचा कारखाना काही दिवस बंद पडला तर मोठ्या माणसाला कळतसुद्धा नाही, बाळाचं हिमोग्लोबिन मात्र धाडकन खाली येतं. जास्त खाली गेलं की हृदय थकतं, पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं, त्याला हायड्रॉप्स म्हणतात. आईला इन्फेक्शन झाल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांत हे होऊ शकतं, म्हणून ८ ते १२ आठवडे लक्ष ठेवायचं असतं.

आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? बाळाचं रक्त काढून बघायचं तर सुई घालावी लागते, ते दर आठवड्याला शक्य नाही. त्यासाठी कलर डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) आहे, आणि त्यात बाळाच्या मेंदूतली एक धमनी, मिडल सेरेब्रल आर्टरी, सगळे एमसीए म्हणतात. रक्तात लाल पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, शिवाय हृदय जास्त जोरात पंप करतं, आणि दोन्हीमुळे या धमनीत रक्ताचा वेग वाढतो. प्रत्येक ठोक्याला जो सगळ्यात वरचा वेग असतो तो मोजायचा, त्याला पीएसव्ही म्हणतात. २०व्या आठवड्यात तो मध्यम हिशोबाने सेकंदाला २५.५ सेंमी असतो, २२व्यात २७.९, २४व्यात ३०.७, असा चढत जातो. त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या दीडपट झाला की धोक्याची घंटा. हा दीडपटीचा नियम जियानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासातून आला, रक्तगट न जुळल्यामुळे धोका असलेली १११ बाळं होती त्यात, मध्यम आणि गंभीर अ‍ॅनिमियाचं एकही बाळ त्यांच्याकडून सुटलं नाही आणि खोटी घंटा वाजली १२ टक्के वेळा. २००६ साली डिक ओएप्केस वगैरेंनी तो जुन्या पद्धतीशी, म्हणजे सुईने गर्भजल काढून त्यातला पिवळेपणा मोजण्याशी, समोरासमोर लावून बघितला, १६५ बाळांवर, आणि गंभीर आजारी बाळं ओळखण्यात डॉपलर ८८ टक्के विरुद्ध ७६ टक्के असा सरस ठरला. तेव्हापासून यासाठी गर्भजल काढायचं जवळजवळ बंदच झालं. पार्व्होतही हेच माप लागू पडतं हेही दिसलं.

तर या बाईंचा डॉपलर झाला होता. २० आठवडे पूर्ण, दुसऱ्या एका सेंटरवर, रिपोर्टमध्ये लिहिलेलं: एमसीए पीएसव्ही २९, वयाप्रमाणे नॉर्मल, ४ आठवड्यांनी परत. २९ भागिले २५.५, म्हणजे १.१४ पट. कागदावर एकदम निवांत.

रिपोर्टसोबत फोटो जोडलेला होता हे बरं झालं. फोटोत धमनी तिरपी गेलेली, डॉपलरची रेघ तिला साधारण ४० अंशांत कापणारी, अँगल करेक्शन (तिरपेपणाची दुरुस्ती) दिलेलं नाही, आणि मोजायची खूण (आम्ही गेट म्हणतो) धमनीच्या सुरुवातीला नाही, लांब पुढे, कवटीच्या कडेजवळ.

याने काय फरक पडतो? खूप. डॉपलर मशीन वेग थेट बघत नाही, परत आलेल्या आवाजाची फ्रिक्वेन्सी किती बदलली ते बघतं. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली ताऱ्यांच्या रंगांबद्दल हे मांडलं होतं, आपण ते बाळाच्या डोक्यात वापरतो. मशीनच्या दिशेने येणारा किंवा मशीनपासून लांब जाणारा वेगच तेवढा मोजला जातो. रस्त्याच्या अगदी कडेला उभं राहून सरळ अंगावर येणारी गाडी बघणं आणि ती समोरून आडवी जाताना बघणं यात जो फरक, तोच. अँगल ० असेल तर पूर्ण वेग मिळतो, २० अंशांना ६ टक्के कमी, ३०ला १३ टक्के कमी, ४०ला २३ टक्के कमी, ६० अंशांवर सरळ निम्मा. त्यात भर म्हणजे धमनी जसजशी पुढे जाते तसतसा वेग आपोआप कमी होत जातो, म्हणून मोजायचं ते अगदी मुळाशी, कॅरोटिडमधून (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून) ती फुटते तिथून २ मिमीच्या आत. म्हणजे या फोटोत आकडा कमी यायची दोन-दोन कारणं हजर होती. नुसत्या अँगलचं गणित केलं तरी २९ चे ३८ होतात, आणि २०व्या आठवड्याची धोक्याची रेषा आहे ३८.२! अर्थात हे मागाहूनचं गणित, असं कागदावर दुरुस्त करून निर्णय घ्यायचा नसतो, कारण अँगल डोळ्याने लावताना चारपाच अंशांची चूक सहज होते. पण असा फोटो बघितला की एकच गोष्ट करायची, परत मोजायचं, आणि ४ आठवड्यांनी तर अजिबात नाही.

त्यांच्या डॉक्टरांनाही ४ आठवडे पटले नव्हते, म्हणून त्यांनी २१ आठवडे २ दिवसांना आमच्याकडे पाठवलं.

२१ आठवडे २ दिवस

बाई आल्या तेव्हा तब्येत ठणठणीत, बाळाची हालचाल जाणवतेय म्हणाल्या, थोडी कमी वाटते पण नक्की सांगता येत नाही (२१ आठवड्यांना कुणालाच नक्की सांगता येत नाही). सोबत नवरा, आणि मोबाइलमध्ये आधीच्या स्कॅनचा थ्रीडी व्हिडिओ, बाळाने अंगठा तोंडात घातलेला, नाक-ओठ अगदी स्पष्ट. खरंच सुंदर होता.

प्रोब ठेवला आणि पहिल्या मिनिटात पोटाच्या आडव्या कटमध्ये लिव्हरच्या कडेने काळी बारीक चकती दिसली. पाणी. जेमतेम ३ मिमी. लिव्हरच्या कडेला कधीकधी पोटाच्या स्नायूंची पट्टी काळी दिसते आणि पाण्याचा भास होतो, म्हणून उभ्या कटमध्ये बघितलं, आतड्यांच्या वेटोळ्यांमध्येही पाणी होतं, म्हणजे खरंच होतं. छातीत नाही, हृदयाभोवती नाही, कातडी सुजलेली नाही. हायड्रॉप्स म्हणायला किमान दोन जागी पाणी लागतं, तेव्हा अजून हायड्रॉप्स नाही, पण त्याच वाटेवर. हृदय थोडं मोठं, ट्रायकस्पिड झडपेतून रक्त मागे गळत होतं. डक्टस व्हेनोसस या हृदयाकडे रक्त नेणाऱ्या छोट्या शिरेतला ए वेव्ह (हृदयाचा वरचा कप्पा आकसतो तेव्हाची लाट) मात्र पुढच्या दिशेने होता, म्हणजे हृदय थकलंय पण हरलेलं नाही. वार जरा जाडसर. मेंदू बारकाईने बघितला, रक्तस्राव किंवा इतर काही नाही.

मग एमसीए. इथे जरा सावकाश जातो, कारण सगळं यावरच ठरलं.

बाळाच्या डोक्याचा आडवा कट घ्यायचा, थॅलॅमस दिसले की प्रोब किंचित खाली कवटीच्या तळाकडे न्यायचा, तिथे स्फीनॉइड हाडाचे दोन पंख व्हीसारखे दिसतात आणि कलर चालू केला की त्यांच्यावरून दोन्ही बाजूंना दोन धमन्या निघालेल्या दिसतात. प्रोबच्या जवळची धरायची, झूम करायची इतकी की धमनी अर्ध्याहून जास्त स्क्रीन व्यापेल. आता अँगल. धमनी सरळ प्रोबकडे येत नसेल तर मशीनच्या बटणाने रेघ वळवायची नाही, प्रोबच आईच्या पोटावर सरकवायचा, कधीकधी पार कडेला जावं लागतं, कधी आईला कुशीवर वळायला लावायचं, कधी पंधरा मिनिटं फिरून या सांगायचं. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल किंवा लाथा मारत असेल तर थांबायचं, कारण तेव्हा वेग वरखाली होतो. डोक्यावर प्रोबने दाब द्यायचा नाही, त्यानेही आकडा बिघडतो. गेट १ ते २ मिमी, मुळाशी. एकसारख्या लाटा आल्या की सगळ्यात उंच टोकावर हाताने कर्सर ठेवायचा, मशीनच्या ऑटो ट्रेसवर विसंबायचं नाही. आणि हे सगळं निदान तीनदा. इसुऑग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या डॉपलरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये (२०१३ च्या, मग २०२१ साली सुधारलेल्या) यातलं बहुतेक लिहिलंय, काही गुपित नाहीये. पण गर्दीच्या दिवशी पंधरावी पेशंट समोर असताना बाळ शांत व्हायची वाट बघत बसायला जो धीर लागतो तो सूचनांमध्ये लिहून येत नाही.

आकडे आले ४८, ४९, ४९. अँगल जवळजवळ शून्य. २१ आठवडे २ दिवसांना मधला आकडा साधारण २७, म्हणजे १.८१ पट.

बाईंनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "डॉक्टर, चेहरा तर इतका छान आहे हो बाळाचा, आजारी कसं असेल?" या प्रश्नाचं उत्तर मी चार शब्दांत देऊ शकलो नाही. थ्रीडी चेहरा दाखवतं, ओठ फाटलेला असेल तर ते त्यात फार छान कळतं, पण रक्त कमी आहे हे चेहऱ्यावर दिसत नाही, त्याला रंग नसतोच, तो सोनेरी रंग मशीनने भरलेला असतो. एवढं सांगितल्यावर त्यांना पटलं असावं. नवऱ्याने विचारलं की मग मागचा रिपोर्ट नॉर्मल कसा, तर त्यांना दोन्ही फोटो शेजारीशेजारी दाखवले, धमनी आणि रेघ, बाकी फार बोललो नाही. शिवाय मधे नऊ दिवस गेले होते, त्या दिवसांत आजार वाढलाही असेल, दोन्ही शक्य आहे.

सुई घालायची की थांबायचं

टीममध्ये यावर थोडा खल झाला. थांबण्याच्या बाजूने मुद्दा असा की पार्व्होचा अ‍ॅनिमिया कधीकधी आपोआप भरून येतो, व्हायरस निघून गेला की कारखाना परत सुरू होतो, आणि २१ आठवड्यांच्या बाळाच्या नाळेची शीर जेमतेम ४ मिमीची, तिथे सुई घालण्यात धोका आहेच, नाळेला रक्तस्राव, बाळाचे ठोके मंदावणं, क्वचित बाळ दगावणं. आकडा १.५ ते १.५५ च्या घरात असता आणि पाणी नसतं तर मी स्वतः दोन दिवसांनी परत मोजलं असतं. पण १.८, पोटात पाणी, झडप गळतेय, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. पाणी पसरून पूर्ण हायड्रॉप्स झाल्यावर रक्त द्यायला जायचं म्हणजे जास्त थकलेल्या हृदयात जास्त धोक्याने जायचं. ठरलं, उद्याच.

गर्भातल्या बाळाला रक्त देणं हे पहिल्यांदा केलं विल्यम लायली यांनी, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, १९६३ साली, एक्स-रेच्या मदतीने बाळाच्या पोटात. सोनोग्राफी बघतबघत नाळेत सुई घालणं १९८०च्या दशकात आलं, पॅरिसच्या फर्नांड डाफोस यांनी १९८३ साली नाळेतून रक्त काढायची पद्धत मांडली, आणि आजही मुळात तीच पद्धत आहे, मशीनं तेवढी चांगली झाली.

रक्त आधी मागवून ठेवलं: ओ निगेटिव्ह, ताजं, आईच्या रक्ताशी क्रॉसमॅच केलेलं, सीएमव्ही (बाळाला त्रास देऊ शकणारा दुसरा एक व्हायरस) निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी काढलेलं, रेडिएशन दिलेलं, आणि घट्ट, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) ८०, म्हणजे थोड्या मापात जास्त पेशी जातील. प्लेटलेट्सपण तयार ठेवायला सांगितल्या, कारण पार्व्होत बाळाच्या प्लेटलेट्सही पडतात आणि नाळेतून सुई काढल्यावर रक्त थांबलं नाही तर हाताशी काहीतरी हवं. हे बरेचदा विसरलं जातं.

बाळाचं अंदाजे वजन ४१० ग्रॅम. बाळ आणि वार मिळून रक्त साधारण ५८ मिली. किती द्यायचं याचं गणित सोपं आहे, हवं असलेलं हिमॅटोक्रिट वजा आत्ताचं, गुणिले ५८, भागिले दिलेल्या रक्ताचं वजा हवं असलेलं. पण इतक्या लहान आणि इतक्या अ‍ॅनिमिक बाळाला एकदम नॉर्मलवर न्यायचं नसतं, हृदयाला झेपत नाही, पहिल्यांदा साधारण २५ पर्यंतच.

वार पुढच्या भिंतीला होती, म्हणजे नशीब. नाळ वारेला जिथे चिकटते ती जागा हलत नाही, तिथेच शीर धरायची, आणि वार पुढे असली की सुई वारेतूनच थेट तिथे जाते. आईच्या पोटाला भूल, २२ गेजची सुई, एका हातात प्रोब, दुसऱ्यात सुई, स्क्रीनवर सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं. शिरेच्या भिंतीवर टोक टेकलं की भिंत आधी आत दबते आणि मग टप्पकन् जातं. सहाय्यकाने रक्त ओढलं, १ मिली, लगेच शेजारच्या काउंटरमध्ये. तोपर्यंत थोडं सलाइन सोडून बघितलं, शिरेत बारीक चमकदार बुडबुड्यांसारखी धार वारेपासून बाळाकडे वाहत गेली, म्हणजे सुई शिरेतच आहे, धमनीत असती तर धार उलट, वारेकडे गेली असती. धमनीत असणं चालत नाही, ती आकसते आणि ठोके पडतात. बाळ हलू नये म्हणून स्नायू सैल करणारं औषधही त्याच सुईतून.

दोनेक मिनिटांत आकडे आले: हिमोग्लोबिन ३.९, हिमॅटोक्रिट १२, प्लेटलेट्स ६८ हजार, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) १२४. शेवटचा आकडा महत्त्वाचा कारण आईच्या लाल पेशी इतक्या मोठ्या नसतात, तेव्हा हे रक्त बाळाचंच. या वयात हिमोग्लोबिन साडेअकराच्या आसपास हवं, आणि ६.३ च्या खाली गेलं तरी गंभीर म्हणतात, इथे ३.९ होतं. बाळ त्यावर जिवंत होतं, अंगठा चोखत होतं, व्हिडिओत छान दिसत होतं.

५८ गुणिले १३ भागिले ५५, म्हणजे १४ मिली. १४ मिली म्हणजे तीन छोटे चमचेसुद्धा नाहीत. हळूहळू, छोट्या सिरिंजने, मधेमधे ठोके बघत. शेवटी परत नमुना घेतला, हिमॅटोक्रिट २६. सुई काढली आणि कलर डॉपलर त्याच जागेवर लावून ठेवला, नाळेतून एक बारीक धार गर्भजलात येत होती, ती अर्ध्या मिनिटात थांबली. प्लेटलेट्स द्याव्या लागल्या नाहीत. बाळाच्या रक्ताचं पीसीआर नंतर आलं, पार्व्हो पॉझिटिव्ह. त्याच नमुन्यात रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या लाल पेशी वाढलेल्या होत्या, ही गोष्ट पुढे कामी आली.

नंतरचे आठवडे

दुसऱ्या दिवशी पीएसव्ही ३३, म्हणजे १.२ पट. वेग इतक्या लवकर उतरतो, कारण रक्त घट्ट झालं की लगेच फरक पडतो. पोटातलं पाणी मात्र तसंच होतं, ते जायला वेळ लागतो आणि नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर रोज विचारतात पाणी का जात नाही.

२२ आठवडे ३ दिवसांना आकडा परत चढला, ३९. म्हणजे १.३७ पट. इथे परत खल. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आपण २६ वरच थांबलो होतो, बाळ वाढतंय, म्हणजे रक्त परत अपुरं पडणार, दुसऱ्यांदा देऊन टाकू. मुद्दा चुकीचा नव्हता. शिवाय एकदा बाहेरचं रक्त गेल्यावर हा दीडपटीचा नियम पहिल्याइतका भरवशाचा राहत नाही, कारण आता बाळाच्या रक्तात मोठ्या माणसाच्या पेशी असतात, आकाराने आणि वागण्याने वेगळ्या. पण मी थांबायच्या बाजूने होतो, तीन कारणांनी: पहिल्याच नमुन्यात रेटिक्युलोसाइट वाढलेले, म्हणजे कारखाना सुरू झालाय, हृदयाचा आकार कमी झालेला आणि झडपेची गळती जवळजवळ बंद, आणि पाणी वाढलेलं नाही उलट किंचित कमी. रक्तगटाच्या आजारात आईची अँटिबॉडी बाळंत होईपर्यंत पेशी मारत राहते, तिथे परतपरत रक्त द्यावंच लागतं. पार्व्हो येतो आणि जातो, बरेचदा एकदाच पुरतं. म्हणून ठरवलं, आठवड्यातून दोनदा मोजायचं, एकाच माणसाने, एकाच मशीनवर, आणि १.५ ओलांडलं किंवा पाणी वाढलं की त्याच दिवशी सुई. एकाच माणसाने हा हट्ट माझा, कारण वेगवेगळ्या हातांनी मोजलं की आकडा बाळाचा बदललाय की हाताचा हेच कळत नाही.

पुढच्या वेळी १.३, मग १.२, मग १.१. २५व्या आठवड्यात पोटातलं पाणी शोधूनही सापडेना.

आता उरला मेंदूचा प्रश्न. इतका गंभीर अ‍ॅनिमिया होऊन गेला तर मेंदूला इजा झालेली असू शकते आणि ती लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसते. म्हणून दर वेळी मेंदूची नीट सोनोग्राफी, बाळाचं डोकं खाली होतं तेव्हा योनीमार्गे प्रोबने, त्यात फार स्पष्ट दिसतं, आणि ३१व्या आठवड्यात एमआरआय. दोन्ही नॉर्मल. आईवडिलांना एवढंच सांगितलं की चित्र चांगलं आहे, पण चांगलं चित्र म्हणजे पुढच्या वाढीची गॅरंटी नाही, बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे वाढीच्या तपासणीला न्यायचंच. डॉपलर दर वेळी लागेल तेवढाच चालू ठेवायचा, मशीनवरचा थर्मल इंडेक्स (लहरींनी बाळाचं अंग किती तापू शकतं त्याचा आकडा) बघत, आणि ३५व्या आठवड्यानंतर एमसीएचा आकडा उगाच खोट्या घंटा वाजवतो म्हणून तो मोजणं बंद केलं.

३८व्या आठवड्यात नॉर्मल डिलिव्हरी, २.९ किलो, जन्मतः हिमोग्लोबिन १५.२, प्लेटलेट्स नॉर्मल, रक्त द्यावं लागलं नाही. वर्षाच्या तपासणीत वाढ वयाप्रमाणे.

तेव्हापासून आमच्याकडे बाहेरून डॉपलरचा रिपोर्ट घेऊन कुणी आलं की आकड्याआधी फोटो मागतो, आणि आमच्या रिपोर्टमध्ये पीएसव्हीसोबत फोटो, अँगल आणि किती पट हे तिन्ही छापतो, नुसतं "नॉर्मल" लिहीत नाही.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, पुढच्या वेळी परत होईल का हे? रक्तगटाचा आजार असता तर उत्तर अवघड होतं, तो पुढच्या खेपेला बहुधा लवकर आणि जास्त जोरात येतो. पार्व्होचं तसं नाही, त्यांच्याकडे आता आयजीजी आहे, एकदा झाला की सहसा परत होत नाही. पुढच्या गरोदरपणात यासाठी म्हणून वेगळा डॉपलर नको, नेहमीचे स्कॅन नेहमीच्या वेळी, एवढंच लिहून दिलं.